आत्याचा उजवा पाय

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी लेकाला घेऊन नाशिकमध्येच कॉलेज रोडला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले होते. उन्हाळाभर पोराचं स्विमिंग चाललं होतं आणि मे संपता संपता तळपायाला, टाचेच्या जरा पुढे, एक कडक गाठ तयार झाली. घरात सगळ्यांनी मिळून ते कुरूप आहे असं ठरवून टाकलं, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून चिकटवल्या, त्या मोज्यात गोळा होऊन निघायच्या, तो लंगडत फिरायचा आणि मी ओरडायचे की सरळ चाल. सोबत आत्या होती. तिला डॉक्टरकडे काही काम नव्हतं, भांडी बाजारातून एक पितळी डबा घ्यायचा होता आणि मी गाडी काढतेय म्हटल्यावर ती जेल रोडवरून येऊन बसली होती.

डॉक्टर तरुण मुलगी, शांत. तिने ब्लेडने वरची मेलेली कातडी हलकेच तासली आणि आत बारीक काळे ठिपके दिसले. म्हणाली, हे बघा, ह्या रक्तवाहिन्यांच्या गुठळ्या, कुरुपात हे नसतं, आणि बोटांवरच्या ठशांसारख्या तळपायावर ज्या रेघा असतात ना, त्या इथे येऊन तुटल्यात. मग तिने ते सरळ दाबलं, पोरगं गप्प. बाजूंनी चिमटीत धरून दाबलं तर खुर्चीतून उडालं. म्हणजे चामखीळच, व्हायरसचं. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध लिहून दिलं, रोज रात्री पाय कोमट पाण्यात ठेवायचा, घासायचं, लावायचं, दोन-तीन महिने तरी. "घाई करू नका, मुलांमधली बरीचशी आपली आपण जातात."

"घाई नको काय," आत्या मागून म्हणाली, "आमच्या वेळी मशिनखाली पाय ठेवला की खेळ खल्लास."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "कसलं मशीन, आजी?"

"एक्स-रेचं. दुसरं कसलं?"

आणि मग ते झालं जे माझ्या डोक्यातून जात नाहीये. डॉक्टरने पेन खाली ठेवलं, पोराला खुर्चीवरून उठायला सांगितलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही बसा इथे. पाय दाखवा."

आत्याचा हा किस्सा मी जन्मापासून ऐकत आलेय. दिवाळीत फराळाला बसलं की कुणाच्या तरी पायाला काहीतरी झालेलं असतंच आणि आत्याचं मशीन निघतंच. पण आत्याचा तळपाय मी कधी नीट बघितला नव्हता, कोण बघतं? पाया पडताना वरची बाजू दिसते. तर अंगठ्याखालच्या गादीवर, जुन्या बंद्या रुपयाएवढी एक जागा, बाकीच्या पायाशी काही संबंधच नसल्यासारखी. बाकीचा पाय एकोणऐंशी वर्षं चाललेला, भेगाळ, पिवळट, जाड. आणि ती जागा पांढुरकी, चकचकीत, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, त्यात लाल बारीक रेषांचं जाळं. जून असल्यामुळे आम्ही सगळे घामाने भिजलो होतो, तिच्या पायालाही चपलेच्या आतला ओलसरपणा होता, पण तेवढी जागा कोरडी ठाक. तिथल्या घामाच्या ग्रंथी तेव्हाच गेल्या, असं डॉक्टर म्हणाली. आणि त्या गोलाच्या कडेला एक खडबडीत पिवळा पापुद्रा, त्याला नखभर चीर. "हे कधीपासून?" "असतं ते येऊन जाऊन, मी खोबरेल लावते."

डॉक्टरने लाईटवालं भिंग लावून बराच वेळ बघितलं. किती वेळा किरण दिले, किती डोस, काही कागद आहे का. आत्या हसली. कागद कसला, अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पैसे मोजले आणि आम्ही घरी आलो.

ही गोष्ट १९६५ ची. गिरगावातली चाळ, आत्या एकोणीस वर्षांची, आणि तिची पत्रिका बाहेर पडलेली. पायाला चामखीळ त्याआधी वर्षभर होतं आणि कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं. लंगडत पाणी भरायची, लंगडत जिने चढायची. पण नाशिकचं स्थळ आलं, मुलगा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पर्मनंट, आणि मग माझ्या आजीच्या, आत्याच्या आईच्या, लक्षात आलं की मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणार ती लंगडत येणार. पायात काहीतरी दोष आहे असं एकदा कुणाच्या तोंडून निघालं की संपलं, मग चामखीळ होतं की पोलिओ होता हे कोण विचारत बसतं. त्याआधी घरगुती सगळं करून झालं होतं. रुईचा चीक लावला, चुना-सोडा लावला, बिब्बा घातला तेव्हा तर पायाला फोड येऊन आठवडाभर खाली टेकवता येईना, आणि फोड गेल्यावर चामखीळ आपलं जागच्या जागी. मग अण्णांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, एक डॉक्टर आहेत, मशीन आहे त्यांच्याकडे, विलायतेहून शिकून आलेत.

आत्याला त्या खोलीतलं सगळं आठवतं. स्पिरिटचा वास, हिरवा पडदा, उंच टेबल. पायावर एक काळपट जड पत्रा ठेवला, एवढासा पण इतका जड की तिला हसू आलं, आणि त्याला मधोमध भोक. शिसं असणार ते. भोकात चामखीळ बरोबर येईल असा पाय बसवला, वरून एक नळकांडं खाली आणलं आणि हलू नको सांगून डॉक्टर बाहेर गेले. गूंऽऽ असा आवाज आला. थांबला. एवढंच. ना ऊब, ना चटका, काहीच नाही. ती म्हणते, मला वाटलं मशीन बिघडलं आणि आता अण्णांचे पैसे फुकट. काही आठवड्यांनी परत एकदा नेलं. मग चामखीळ काळं पडलं, सुकलं आणि एक दिवस अंघोळीच्या वेळी खपली गळून पडली. सरळ चालत ट्रे घेऊन बाहेर आली, नाशिकला आली, आणि ह्या पायाने तिने काय काय केलं हे सांगताना तिचा आवाज बदलतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, अनवाणी, चिखलातून. चैत्रात वणीला पायी, डांबर वितळतंय आणि ही अनवाणी. "त्या मशीनची कृपा" हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या घरात ते कुठल्याही गोष्टीला म्हणतात, मिक्सर दुरुस्त झाला तरी.

डॉक्टरने त्या कडेच्या पापुद्र्याचा तुकडा तपासायला पाठवायचं ठरवलं आणि मी घरी आल्यावर जे करायला नको तेच केलं, रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

रंटगेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला हे एक्स-रे किरण सापडले १८९५ च्या नोव्हेंबरात. आणि १८९६ मध्ये, म्हणजे पुरतं वर्ष लोटतंय तोवर, व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरने पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ तिळावर ते मारून बघितले. का, तर ह्या किरणांनी केस गळतात असं कानावर आलं होतं. केस गळले खरे. मग तिथे जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. ती मुलगी जगली, म्हातारी झाली आणि सत्तर वर्षांनी डॉक्टरांनी तिची पाठ परत तपासून त्यावर लेख लिहिला, तेव्हाही ती खूण पाठीवर होतीच. तो लेख १९६६ चा. म्हणजे इकडे गिरगावात आत्याच्या पायावर शिशाचा पत्रा ठेवत होते त्याच सुमाराला तिकडे पहिल्या मुलीचा सत्तर वर्षांचा निकाल लागत होता. हे वाचून मी उठून पाणी प्यायले.

मधल्या काळात तर काय नव्हतं. मुरमांना किरण, टॉन्सिल्सना किरण, डोक्यातल्या गजकर्णाला किरण. इस्राएलमध्ये १९५० च्या आसपास गजकर्णासाठी सुमारे वीस हजार मुलांच्या डोक्यांना असे किरण दिले, बहुतेक बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांची पोरं, आणि पुढे त्यांच्यात मेंदूतल्या आणि थायरॉइडच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. १९९४ मध्ये सरकारने भरपाईचा कायदा केला. आणि तिकडे युरोप-अमेरिकेत चपलांच्या दुकानात एक लाकडी खोका असायचा, नवा बूट घालून मुलाने त्यात पाय घालायचा आणि आई वरून डोकावून हिरव्या उजेडात बोटांची हाडं बघायची, बूट नीट बसतो का म्हणून. बूट! ते मशीन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने बंद केलं १९५७ साली. ह्यातला कुणी खलनायक नव्हता, मला वाटतं, एक नवीन चमत्कारिक वस्तू हातात आली होती आणि ती दुखत नव्हती. न दुखणाऱ्या उपचाराला नाही म्हणणं किती अवघड आहे हे बिब्ब्याचे फोड आलेल्या माणसाला विचारा.

बरं, ते चामखिळीवर चालायचं कसं, तर व्हायरस कातडीच्या ज्या थरात राहतो तिथल्या पेशी सतत नवीन होत असतात, आणि किरण अशा वाढत्या पेशींना आधी मारतात. मऊ किरण वापरायचे, ते कातडीच्या खाली फार खोल जात नाहीत. पण त्या रुपयाएवढ्या जागेला मिळालेला डोस छातीच्या साध्या एक्स-रेच्या हजारो पट असायचा. मेलेल्या पेशी खपलीत जातात. ज्या मरत नाहीत, नुसत्या बिघडतात, त्या राहतात आणि त्यांचं काय होतं हे कळायला वीस वर्षं लागतात, कधी चाळीस. कातडी पातळ होते, कोरडी पडते, चिरते, जखम भरत नाही, आणि काही जणांमध्ये तिथेच कातडीचा कॅन्सर होतो. सगळ्यांना नाही. डोस किती, वय किती, किती वेळा, ह्यावर ते असतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरने मला जरा जमिनीवर आणलं. म्हणाली, तुम्ही डोक्याचं आणि पायाचं एकत्र करताय. डोक्यापाशी मेंदू आहे, थायरॉइड आहे, आणि ती लहान मुलं होती. पायापाशी काय आहे? मोठ्या माणसाच्या पावलातल्या हाडांमध्ये रक्त तयार करणारी मज्जासुद्धा उरलेली नसते, नुसती चरबी असते. तेव्हा आजींच्या बाकीच्या शरीराची काळजी करू नका, त्या जागेची करा. ती जागा आयुष्यभर बघत राहायची. आयुष्यभर म्हणजे काय, एकोणऐंशी तर झाली, असं मनात आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मला राग नेमका कशाचा येतो हे मी बरेच दिवस शोधत होते. त्या डॉक्टरचा येत नाही, त्या काळी पुस्तकातच तसं होतं. राग ह्याचा येतो की हे असलं दुखणं होतं जे गेलंच असतं. चामखिळीची गंमतच ती आहे, शरीराला एक दिवस शोध लागतो की अरे इथे कुणीतरी घुसलंय, आणि ते जातं. म्हणून तर जगात चामखिळीवरचा प्रत्येक उपाय कुणाच्या ना कुणाच्या अनुभवाने सिद्ध झालेला असतो. माझ्या लहानपणी मानेवरच्या चामखिळीला बांधायला बाबांनी शालिमारपाशी टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला होता, ते पडलं, आणि आमच्या घरात घोड्याची पत वाढली. आणि आजचं जे शास्त्रीय ते तरी काय फार मोठं आहे, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मिळून २४० माणसांवर एक चाचणी झाली होती, २०११ मध्ये छापून आली, तळपायाच्या चामखिळीला उणे १९६ डिग्रीचा नायट्रोजन बरा की रोजचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण गेलेले किती, तर १४ टक्के. दोन्हीकडे तेवढेच! एक चटका देणारं आणि महागडं, दुसरं घरी टीव्ही बघत लावायचं. तेव्हा आमची डॉक्टर घाई करू नका म्हणत होती त्यात बराच अर्थ होता.

पण आत्याला थांबायला वेळ कुठे होता. स्थळ थांबलं नसतं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं लंगडणं पासष्ट साली एका महिन्यात संपायला पाहिजे होतं आणि त्या महिन्यासाठी जे काही मिळालं त्याचं बिल साठ वर्षं उघडं राहिलं. आणि तरी मी तिला हे सगळं समजावायला गेले तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग काय करायला हवं होतं? घरी बसायचं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला काका मिळाले, प्रेसच्या क्वार्टर्समध्ये चाळीस वर्षं सुखाने गेली, दोन मुलं. हे सगळं ती त्या मशीनच्या खात्यात जमा करते, आणि तिचा पाय असताना मी कोण त्यात खाडाखोड करणारी.

एक गोष्ट मात्र मला तिच्याशी भांडून सांगावी लागली. तिच्या जावेला मागच्या वर्षी ब्रेस्टचं ऑपरेशन झाल्यावर किरणांचे शेक घ्यायला सांगितले होते आणि आत्या तिला सांगत होती की घे, काही होत नाही, मी घेतलेत. आता पायाचं हे कळल्यावर बाई दुसऱ्या टोकाला गेल्या, तिला फोन करून म्हणे उगाच घेतलेस तू. दोन्ही चूक! कॅन्सरला किरण देतात तेव्हा समोर जीव असतो, आज डोस ग्रे ह्या मापात मोजून, कॉम्प्युटरवर आखून देतात, प्रत्येक ग्रेचा हिशोब फाईलमध्ये असतो. जर्मनीत तर टाच दुखण्यावरसुद्धा अजून किरण देतात, पण अगदी थोडे, सहा वेळा मिळून तीन ग्रे वगैरे, आणि शक्यतो वय झालेल्यांना, कारण परिणाम दिसायला जेवढी वर्षं लागतात तेवढी वर्षं पुढे कमी असतात. हा हिशोब ऐकायला क्रूर आहे पण निदान हिशोब आहे. आत्याच्या वेळी तो कुणी मांडलाच नव्हता.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. किरणांनी खराब झालेली कातडी, थोडा बदल, लक्ष ठेवा, दर सहा महिन्यांनी दाखवा. आम्ही सुटलो असं वाटलं, पण ती तपासणीची जखम! तांदळाच्या दाण्याएवढी, दुसऱ्या कुणाच्या पायाला असती तर आठवड्यात विसरून गेलो असतो. आत्याची श्रावण संपला तरी ओली. मी ड्रेसिंग करायला जेल रोडला जायचे, ती पाटावर पाय ठेवून बसायची, आणि गॉज काढताना मला दरवेळी तेच दिसायचं, बाजूच्या भेगाळ जाड कातडीवरचे ओरखडे येत होते, भरत होते, आणि त्या चकचकीत गोलात काहीच हलत नव्हतं. गणपती बसले तेव्हा कुठे एकदाची खपली धरली. तोवर आत्याने मोदक बसूनच वळले आणि त्यावरून सुनेला ऐकवलं, तो वेगळा विषय.

लेकाचं चामखीळ अजून आहे. लहान झालंय. रात्री औषध लावायचा मला जास्त कंटाळा येतो, त्याला नाही, तो त्या काळ्या ठिपक्यांचे फोटो काढून मित्रांना पाठवतो. बाथरूममध्ये वेगळी स्लिपर, वेगळा टॉवेल, एवढं चाललंय.

परवा मी आत्याच्या फाईलसाठी एक कागद तयार केला, कारण उद्या मी नसताना तिला कुणी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं तर ती काही सांगणार नाही, खोबरेल लावते म्हणेल आणि पाय आत घेईल. सुवाच्य अक्षरात लिहिलं. उजवा तळपाय, अंगठ्याखालची गादी, चामखिळीसाठी एक्स-रे उपचार, १९६५, मुंबई, पेशंटच्या आठवणीप्रमाणे दोन वेळा, डोसची नोंद नाही. त्या जागेवर नवीन चीर, गाठ, न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवणे. ब्लेड, बिब्बा, कॉर्न कॅप लावू नये. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"गुण आला ते लिहिलं नाहीस."

"डॉक्टरला त्याचं काय काम, आत्या?"

"काम असो नसो. वाचणाऱ्याला वाटेल फुकट गेलं."

लिहिलं. 'गुण आला.' मग ती म्हणाली, आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं तेही लिही. ते नाही लिहिलं मी. त्यावरून ती अजून धुसफुसतेय.